निळा बाणा

वरच्या खोलीत भाड्यानं राहतो आदेयांजू,
फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला.
सकाळी सहाला, साखर पेठेत पहिला माग खडखडायच्या आत
त्याची आई फोनवर येते
आणि त्याला पूर्वजांसकट हाक मारते.

नुसतं नाव नाही.
नाव, मग नावामागचं नाव, त्यामागचं गाव, गावाचा तट,
एका श्वासात, धोट्यासारखं इकडून तिकडे.
तो गच्चीत मान खाली घालून ऐकतो,
ब्रश तसाच तोंडात.
ओरिकी म्हणतात याला, त्यानं सांगितलं.

मी जकार्डचे पत्ते पाडतो. चाळीस वर्षं झाली.
भोक असलं की धागा वर, नसलं की खाली.
मोर, कमळ, सुस्वागतम्
सगळं एवढ्यात बसतं.
म्हणून म्हटलं, तुझे ते लढवय्ये सांग.
एकेक. हळू.

शेंगाचटणीनं नाक गळत असताना
मोडक्या हिंदीत त्यानं सांगितलं:
इलु-अराबा, सावरीच्या झाडाचं गाव.
सावरीचा कापूस सुताला चालत नाही, मी म्हटलं.
त्याला माहीत होतं.

बालोगुन ओगुनगोके, गावाचा सेनापती,
मावळतीच्या वेशीत अकरा दिवस उभा.
बाराव्या दिवशी त्याची सावली तेवढी घरी आली.
इयालोदे एफुनवांदे, बाजारातल्या बायांची म्होरकी,
निळीच्या रांजणात बुडून कोपरापर्यंत निळी.
कापड विकून तिनं बंदुकीची दारू आणली
आणि लढाई सरल्यावर सरदारांकडून
पै न पै वसूल केली, व्याजासकट.
इथं मी हसलो.
आमच्या बोळातली चंद्रव्वा अशीच होती, सूत उधार देणारी.

आणि लादेजो.
लादेजो पळाला.
तटावरून उडी टाकली, तीन पावसाळे बेपत्ता.
परतला तेव्हा खांद्यावर बियाण्याच्या कंदांचं पोतं,
आणि जळक्या गावात पेरायला दुसरं काही नव्हतं.
त्यालाही ओरिकी?
त्यालाही.
‘पळणाऱ्या, तुझ्या टाचेची माती कुठली
आम्हाला ठाऊक आहे. बस, जेव.’

दुपार. चव्वेचाळीस डिग्री. लाइट गेली.
सगळे माग एकदम गप्प झाले
तेव्हा मी ते सांगितलं
जे बायकोलाही धड सांगितलेलं नाही.

माझा आजा, कोंडय्या.
मार्शल लॉचे दिवस. बोळात बूट वाजत होते.
शेजारची पोरं डोक्यावर टोप्या घालून बाहेर पडली.
कोंडय्या मागाच्या खड्ड्यात उतरला,
ताण्याचं सूत अंगावर ओढून घेतलं
आणि दोन दिवस वर आला नाही.
पुढं जन्मभर, मिरवणुकीला कुणी बोलावलं
की म्हणायचा, माग रिकामा आहे, ताणा लावायचाय.
घरात त्याचा फोटो आहे.
गोष्ट नाही.

आदेयांजू बाटलीतलं पाणी प्याला.
मग विचारलं: दोन दिवस
खड्ड्यात बसून तो करत काय होता?

हे मी कधी विचारलंच नव्हतं,
ना बापाला, ना स्वतःला.
म्हटलं, पाय पावड्यांवर असतील.
खड्ड्यात दुसरं असतं काय.

दुसऱ्या दिवशी सहाला त्यानं फोन स्पीकरवर टाकला.
ओगुनगोके गेला, एफुनवांदे गेली, लादेजो जेवायला बसला,
आणि त्याच रांगेत, त्याच श्वासात
एक शब्द आला तो मला कळला:
कोन्-डा-या.
काय म्हणाली?
म्हणाली,
‘जमिनीच्या पोटात ज्याचे पाय विणत होते
त्याच्या नातवा, उठलास का?’

मी केव्हाचा उठलेला होतो.
तरी उभा राहिलो.

आता काठाचे पत्ते पाडतोय, ऑर्डरबाहेरचे.
सातव्या पत्त्यात एक भोक चुकलंय. राहू दे.
बाणा निळा लागेल, कोपरापर्यंतचा निळा.
तसलं सूत शुक्रवारशिवाय नाही, म्हणतो गड्डम.